चालू रीडिंग

तांबळडेगला सुरूंच्या रांगेपाशी
रस्ता संपतो आणि वाळू सुरू होते, तिथलं घर.
बिलावर अजून रघुवीर शिवराम कुबल,
जे बारा वर्षांपूर्वी वारले.
आता राहते ती कोण, बिलाला माहीत नाही.
ग्राहक क्रमांक आहे, खात्याला तेवढा पुरतो.
गावाला पुरत नाही.

"तू जातंस मां थंय," अनुसया कोयंडे
बांगड्यांवरच्या माश्या हाकलत विचारते,
"काय दिसला ता सांग मरे."
मी सांगतो, पडवीपर्यंतच जातो, मीटर पडवीत आहे.
"भाव करीत नाय ती. सांगतंय तितके पैशे देता.
अशी बाईल सरळ आसता काय?"
दाजी सारंग जाळं सांधता सांधता म्हणतो, पिच्चरात होती.
खालच्या वाडीत म्हणतात, बँक बुडवून इली.
शाळेतले मास्तर म्हणतात, लेखिका असावी,
आणि हे त्या सगळ्याहून वाईट, अशा आवाजात म्हणतात.

मी वेगळा नाही.
मीटरमागे सहा रुपये मिळतात मला,
त्यात कुतूहल धरलेलं नाही, ते मी पदरचं घालतो.
जानेवारी, एकोणीस युनिट. फेब्रुवारी, एकोणीस.
मार्चमध्ये एकदम एकशे सव्वीस.
खाडीपुलावर स्कूटर थांबवून मी भागाकार केला:
एक पंखा, एक दिवा,
आणि अजून काहीतरी, रात्रभर चालणारं,
जे फ्रीजसारखं मधेमधे दम घेत नाही.

कुणाचा जावई राहायला आलाय,
कुणी विहिरीवर आकडा टाकलाय,
कुणाचं जमेना झालं, टीव्हीसुद्धा बंद आहे,
हे मला घरात पाऊल न टाकता कळतं.
याला बघणं म्हणतात, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

एप्रिलात, सकाळी अकराला, मीटरचा फोटो काढला.
नियम आहे. आकडा दिसला पाहिजे, बिलावर छापतात.
पाठवण्याआधी बोटांनी मोठा करून पाहिला.
आकडा होता.
आणि आकड्यावरच्या काचेत
माझ्या मागची उघडी खिडकी, आणि खिडकीत

काय होतं ते मी इथंही लिहिणार नाही.
तुम्हीही मान पुढे केलीत, कळलं मला.

बिलं येतात ती बाबल जुवाटकरच्या दुकानात, गठ्ठ्याने.
पाकीट नाही, चिकटपट्टी नाही.
बाबल एकेक वाचतो आणि मग देतो,
समोर बसलेल्यांना दाखवून झाल्यावर.

फोटो खोडला. पुन्हा काढला. तीच खिडकी.
मग इतका जवळ सरकलो
की माझ्याच छातीने काच भरली.
आतून तिने विचारलं, "झालं का?"
झालं, म्हटलं.
सहा महिन्यांत आमचं बोलणं एवढंच.
निघताना दिसलं, चपला काढायच्या जागेपासून
मीटरपर्यंत तिने ओलं पोतं अंथरलंय,
तापलेल्या चिऱ्यांवर.
दुसरं कोण येतं तिथे.

मे महिन्यात अनुसयाकाकीच्या हातात ते बिल होतं,
बाबलकडून फिरत फिरत आलेलं,
एका कोपऱ्याला माशांचा वास लागलेलं.
डोळ्यांना चिकटवून ती म्हणाली,
"आणि हो कोण रे? चौकड्याच्या शर्टाचो?"
मीच, काकी. फोटो काढताना.
ती आधी फोटोकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
"वरचा बटान नाय. तुझ्या घराक कोण नाय काय?
आणि दर शनवारी कणकवलीक कित्याक जातंस?"

मी स्कूटरला किक मारली.
पहिल्या किकेत ती कधीच सुरू होत नाही.